गडाच्या घाटात दोनदा उतरलो: दोष गिअरचा की पोटाचा?

सातपूरकर (सोमवार, रात्री ९.१५)

नमस्कार मंडळी. सायकलला लागून अडीच वर्षं झाली. वय ४२, वजन ६८ किलो. रोज सकाळी त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन येतो, रविवारी गिरणारे नाहीतर वाडीवऱ्हे. काल आयुष्यातली पहिली शर्यत केली. हौशी गट होता. नाशिक, दिंडोरी, वणी, नांदुरी आणि शेवट थेट सप्तशृंगी गडावर. एकूण साधारण ६५ किमी, त्यातले शेवटचे दहाएक घाटाचे.

नांदुरीपर्यंत मी पहिल्या पंधरा जणांत होतो. दिंडोरी कधी आलं नि कधी गेलं कळलंच नाही, सगळा घोळका एका लयीत पळत होता. पायथ्याला घड्याळ पाहिलं, १ तास ५२ मिनिटं. आणि घाटाच्या तिसऱ्या किलोमीटरला सगळं संपलं. पाय भरून येणं मला ओळखीचं आहे, हे तसं नव्हतं. हात थरथरायला लागले, थंडीत कपाळावर गार घाम आला आणि रस्त्याकडेच्या दगडावरचा आकडा दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना. दोनदा उतरलो. दुसऱ्यांदा तर हँडलवर डोकं टेकवून नुसता उभा राहिलो. मागून येणारा एक मुलगा "काका, पाणी देऊ का?" म्हणत थांबला. स्वतःची शर्यत सोडून थांबला तो. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून टोचतंय. घाटालाच १ तास ३१ मिनिटं लागली.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक आहे, ८ स्पीडची. पुढे ५०-३४ दात, मागे ११-२८, टायर २५ मिमीचे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) टाक, निम्मे म्हणतात तुझं खाण्याचं गणित चुकलं. खर्च करायच्या आधी इथल्या जाणत्यांना विचारतोय. दोष नक्की कशाचा?

रानपाखरू

पहिली शर्यत पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन! वाचतेय. मलाही याच घाटाची भीती आहे.

पळसे_आबा

सातपूरकर, आधी शाबासकी. दोनदा उतरून पुन्हा बसलात, वरपर्यंत गेलात, हे मोठं आहे.

पण कॅसेटच्या नादी लागू नका. आमच्या तरुणपणी पुढे ५२-४२ आणि मागे फार तर २४ दात असायचे. त्याच सायकलीवर आम्ही कसारा चढलो, मोहदरी चढलो, चंदनपुरी चढलो. पाय तयार करायला वर्षं लागतात आणि ती द्यावी लागतात. आठवड्यातून दोनदा चामर लेण्याच्या बाजूचा चढ करा, जड गिअरवर, बसून. सहा महिन्यांनी सांगा.

मीटर_मोजणारा

आबा, तुमच्या पायांबद्दल पूर्ण आदर आहे, पण इथे थोडं गणित मांडतो.

रोड बाइकचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ३४ मागे २८ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढे जाते. पुढे ३४ मागे ३४ असेल तर बरोबर २.१ मीटर. आता गडाच्या घाटात आपल्यासारखा माणूस ताशी ९ किमीने चढतो असं धरा, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. २८ वर पाय मिनिटाला ५९ वेळा फिरणार, ३४ वर ७१ वेळा. वेग तोच, काम तेच, पण ५९ वर प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त दाब येतो. एका तासात हा फरक हजारो वेळा गुडघ्यातून जातो.

आबांच्या पिढीने ४२-२४ वर घाट चढले हे खरं आहे. त्या पिढीतल्या किती जणांचे गुडघे आज शाबूत आहेत तेही विचारायला हवं.

पळसे_आबा

माझे शाबूत आहेत. काल सिन्नरला जाऊन आलो.

मीटर_मोजणारा

मग दंडवत घ्या आबा. अपवाद तुम्ही.

मुक्ता_कुलकर्णी

मी आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतः सायकल चालवते. सातपूरकर, काही प्रश्न विचारते, आठवून नीट उत्तरं द्या. आदल्या रात्री किती वाजता काय खाल्लंत? सकाळी काय? शर्यत किती वाजता सुटली? वाटेत काय खाल्लंत, केव्हा? पायथ्याला पोचलात तेव्हा बाटल्यांत किती पाणी उरलं होतं?

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतलं "आकडा डोक्यात शिरेना" हे वाचून मी थांबले. गिअर जड असला तर मांड्या पेटतात, दम लागतो, पण आकडे वाचता येतात.

सातपूरकर

मुक्ताताई, खरं खरं लिहितो.

रात्री साडेसातला मुगाची खिचडी, थोडीच, पोट हलकं असावं म्हणून. सकाळी साडेचारला चहा आणि दोन बिस्किटं. नंबर जर्सीला लावताना एक पिन वाकली, त्या शोधाशोधीत केळं घरीच राहिलं. सुरुवात साडेसहाला.

खिशात शेंगदाण्याची चिक्की होती. म्हसरूळ सोडल्यावर खावी म्हटलं, पण हातात जाड मोजे, वेष्टण काही फाटेना. शेवटी दातांनी फाडलं. थंडीने चिक्की दगड झाली होती. एक तुकडा तोंडात घेतला, चावता चावता श्वास अडकायला लागला, समोरचं चाक वीतभर अंतरावर. थुंकून दिला. त्यानंतर काहीच खाल्लं नाही. बाटल्या दोन होत्या, ७५० मिलीच्या. पायथ्याला एक पूर्ण भरलेली होती, दुसरी अर्धी. तहानच लागली नव्हती.

मुक्ता_कुलकर्णी

मग तिसऱ्या किलोमीटरला जे झालं ते व्हायचंच होतं. सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी असतो. स्नायूंत साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. स्नायूंतला साठा त्याच स्नायूच्या कामाला येतो, तो परत रक्तात उतरत नाही. रक्तातली साखर सांभाळते ती यकृत, आणि मेंदू त्याच साखरेवर चालतो. रात्रभर आपण झोपलेलो असतो तेव्हाही यकृत आपला साठा मेंदूला देत असतं. सकाळी उठेपर्यंत तो बराचसा रिकामा झालेला असतो. नाश्ता करायचा तो हा साठा भरायला.

तुमचं रात्रीचं जेवण साडेसातचं, तेही थोडं. मग सकाळी साडेसहापर्यंत, म्हणजे अकरा तास, चहा-बिस्किटं सोडून काही नाही. वर घोळक्याच्या वेगात जोरदार पेडलिंग, ज्यात शरीर चरबीपेक्षा साखर जास्त जाळतं. अशा जोरात भरलेली टाकीसुद्धा दीड-दोन तास पुरते. तुम्ही १ तास ५२ मिनिटांनी पायथ्याला आलात. थरथर, गार घाम, आकडा न कळणं, ही सगळी रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं. सायकलवाले याला बाँक म्हणतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ३४ ची कॅसेट असती तरी तुम्ही उतरला असता. फार तर पाचव्या किलोमीटरला.

गोदाकाठ

मुक्ताताईंशी शंभर टक्के सहमत. मी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करतो. २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नसते, नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. पण तिथे एक गोष्ट हाडांत मुरते: भूक लागायची वाट बघायची नाही, घड्याळाकडे बघून खायचं. माझ्या सायकलच्या संगणकावर दर वीस मिनिटांनी टिंग वाजतं. टिंग वाजलं की घास.

पहिल्या ३०० ला मी हे केलं नव्हतं. चांदवडच्या पुढे राहुड घाटात रात्री दीड वाजता मला रस्त्यावर झोपावंसं वाटत होतं. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून गुळाचा खडा दिला. वीस मिनिटांत माणसात आलो. तेव्हापासून हँडलच्या पिशवीत गूळ असतोच.

थंडीचंही लक्षात घ्या. जानेवारीत आपल्याकडे पहाटे बोटं गोठतात, निफाडला पारा ५ अंशांखाली उतरतो. घाम दिसत नाही, तहान लागत नाही, पण दर श्वासाला पाणी जात असतंच.

पंचवटीकर

अवांतर: राइडनंतर मिसळ की राइडच्या आधी? आमच्या ग्रुपात यावरून दोन पक्ष आहेत. मी आधीवाला. गरम रस्सा पोटात असला की थंडी पळते.

रानपाखरू

आधी मिसळ?? पंचवटीकर, तुमच्या मागे कोण सायकल चालवतं हो?

मुक्ता_कुलकर्णी

आधी नको. तेल आणि तिखट पोटातून हळू पुढे सरकतं, वर तुम्ही पुढे वाकून बसलेले, घशाशी आंबट येणारच. जोरदार राइडच्या अडीच-तीन तास आधी पोहे, उपमा, गूळ-तूप-पोळी किंवा सरळ वरणभात. नंतर मात्र मिसळ खुशाल खा. मोड आलेली मटकी आहे, सोबत दही घ्या, पाव घ्या. वर जिलेबी असेल तर तीही, तेव्हा शरीराला साखर हवीच असते.

पंचवटीकर

जिलेबीला परवानगी मिळाली. ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

निळी_सायकल

मला टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. "दर वीस मिनिटांनी गोड" हे माझ्यासारख्याने कसं घ्यायचं?

मुक्ता_कुलकर्णी

निळी_सायकल, तुमची गोळी कोणती आणि ती केव्हा घेता यावर ते ठरतं, म्हणून इथे आकडा देत नाही. काही गोळ्यांनी व्यायामात साखर खाली जाऊ शकते, काहींनी सहसा जात नाही. तुमच्या डॉक्टरांना "मी तीन तास सायकल चालवणार आहे" असं स्पष्ट सांगा, नुसतं "व्यायाम करतो" नको. मीटर सोबत ठेवा, सुटण्याआधी आणि मध्ये एकदा बघा, खिशात साखर ठेवा. आणि एकटे जाऊ नका.

वडनेरभैरवकर

राम राम. मी द्राक्षबागाईतदार. सायकल धाकट्या मुलामुळे सुरू झाली, आता तो पुण्याला शिकायला गेला आणि सायकल माझ्याकडे राहिली.

इतक्या वेळ चर्चा चालली आहे आणि नाशिक जिल्ह्यात बसून कोणी बेदाण्याचं नाव काढलं नाही, याचं नवल वाटलं. चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा होतो. म्हणजे घडातली सगळी साखर मुठीत येते. आम्ही छाटणीच्या दिवसांत बागेत उभ्या उभ्या खिशातले बेदाणे खातो, दुपारपर्यंत हात चालतात. सायकलवरही मी तेच करतो. थंडीत दगड होत नाही, वेष्टण फाडायचं नाही, चावायला दोन सेकंद.

मुक्ता_कुलकर्णी

भाऊ, अगदी बरोबर! १०० ग्रॅम बेदाण्यात साधारण ७९ ग्रॅम कर्बोदकं. ३० ग्रॅमची लहानशी मूठ घेतली की २३-२४ ग्रॅम, जवळपास एका केळ्याइतकी. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साधारण निम्मंनिम्मं असतं. हे महत्त्वाचं, कारण आतड्यात या दोन्हींना आत घ्यायच्या वाटा वेगळ्या आहेत. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपास अडतं, दोन्ही मिळून सवयीने ९० पर्यंत जाता येतं. हौशी माणसाला दोन-तीन तासांसाठी तासाला ४०-५० ग्रॅम पुष्कळ झाले.

बाटलीसाठी घरचं सरबत: ७५० मिली पाणी, ४० ग्रॅम साखर, अर्धं लिंबू, पाव चमचा मीठ. एक गैरसमज दूर करते. जुलाबावर देतात ते ओआरएस म्हणजे सायकलचं इंधन नव्हे. प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. उन्हात पाणी-क्षार भरायला उत्तम, पण घाट चढायला पुरणार नाही.

आणि हे सगळं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. पोटालाही सराव लागतो. बेदाण्यात तंतू असतात, काहींना मुरडा येतो. आधी दोन-तीन रविवार करून बघा.

रानपाखरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझी एक भर: बेदाणे जर्सीच्या खिशात सुटे टाकू नका, घामाने गोळा होतो. मी बटर पेपरच्या छोट्या पुड्या करते, औषधाच्या पुडीसारख्या. मोजे घालूनही उघडतात. रिकामा कागद परत खिशात. घाटात वेष्टणं टाकणाऱ्यांबद्दल मला फार राग आहे. तोच रस्ता चैत्रात खानदेशातून चालत येणाऱ्या लोकांचा आहे, अनवाणी चालतात त्यात किती जण.

चढउतार

पुड्यांचं ठीक, पण गडावर पोचल्यावर खिशातून केळं काढताना इकडेतिकडे बघा. माझं केळं माकडाने हातातून नेलं, सालासकट. शर्यत संपली होती म्हणून बरं.

उतरण्याबद्दल दोन शब्द, कारण धाग्यात सगळे चढण्याचंच बोलताहेत. हात खालच्या वळलेल्या हँडलवर, बोटं ब्रेकवर, वजन मागे. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा, वळणात सोडा. रिम ब्रेक असेल आणि कार्बनची चाकं असतील तर ती तापतात, गडाच्या उताराला अ‍ॅल्युमिनियमची चाकं बरी. २५ च्या जागी २८ चे टायर बसत असतील तर जरूर टाका. ६८ किलोला ७५ पीएसआयच्या आसपास हवा. हाताला बसणारे हादरे निम्म्याने कमी वाटतात आणि वळणात विश्वास येतो.

पळसे_आबा

मी दोन दिवस सगळं वाचलं. खाण्याबद्दल मुक्ताताई म्हणतात ते मान्य. आम्हीही खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचो, फक्त त्याला हिशेब नव्हता.

पण सातपूरकर, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. घोळक्यात तुम्ही पुढे किती वेळ होतात?

सातपूरकर

आबा, वर्मावर बोट ठेवलंत. दिंडोरी ते वणी तीन वेळा पुढे आलो. एकदा तर दोन-तीन किलोमीटर मीच ओढत होतो. मागचे कोणी पुढे येईनात आणि मला वाटलं, आपण खेचलं नाही तर घोळका ढिला पडेल.

पळसे_आबा

पडू द्यायचा होता. पुढच्याच्या चाकामागे बसलेला माणूस वारा खात नाही, त्याचं पाव ते एक तृतीयांश काम वाचतं. ते वाचलेलं सगळं नांदुरीला लागतं. घोळका म्हणजे सामाईक विहीर आहे, पाळीने पाणी काढायचं. तुमची पाळी अर्ध्या मिनिटाची. उजवीकडे-डावीकडे बघून बाजूला सरकायचं, मागच्याला कोपराने खूण करायची आणि शेवटी जाऊन बसायचं. पहिल्या शर्यतीत जो तो पुढे राहतो, छाती फुगलेली असते. मीही राहिलो होतो. दम नेहमी वणीनंतर मागतो हा रस्ता.

गोदाकाठ

आबांचा हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवावा असा आहे.

यावरून एक आठवलं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४८०० किमी, नऊ दिवसांच्या मुदतीत. पुढे २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थही त्याच वर्षी. दोघांच्या संघात एक जण चालवतो तेव्हा दुसरा गाडीत खातो आणि झोपतो. एकट्याला खाणं-पिणं सगळं सायकलवरच. म्हणजे इतक्या मोठ्या शर्यतीतही प्रश्न तोच: कोणी, केव्हा, किती खाल्लं.

त्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या चार जणांनी सायकली घेतल्या. त्यातला एक मी.

हायब्रीडवाली_मनीषा

माझ्याकडे साधी हायब्रीड (सरळ हँडलची सायकल) आहे. अशा शर्यतीत उतरावं का? की आधी रोड बाइक घ्यावी? एक जण म्हणाला कार्बनची घे, घाटात उडत जाशील.

मीटर_मोजणारा

मनीषाताई, उतरा. हायब्रीडला मागे बहुतेकदा ३२ किंवा ३४ दात असतातच, घाटाला ती उलट सोपी. सपाटीवर वारा जास्त लागेल, एवढंच.

कार्बनचं गणित सांगतो. माणूस, सायकल, पाणी मिळून ८० किलो धरा. सायकल एक किलोने हलकी झाली तर चढाला वजन १/८० ने कमी. ६५ मिनिटांच्या घाटात वाचले पन्नासेक सेकंद. त्या एका किलोसाठी किती हजार मोजायचे ते तुम्ही ठरवा. आधी पॅडची चांगली शॉर्ट्स आणि मापाचं हेल्मेट घ्या. मग सीटची उंची जाणकाराकडून लावून घ्या.

आणि सातपूरकर, तुम्हाला एक विनंती. कॅसेट आणि खाणं दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आधी जुन्याच कॅसेटवर नीट खाऊन तोच रस्ता करा. मग कॅसेट बदला आणि पुन्हा करा. आम्हाला सगळ्यांनाच उत्तर मिळेल.

रानपाखरू

कॅसेट बदलणार असाल तर माझा अनुभव. शहरातल्या एका दुकानात मला ३४ ची कॅसेट जुन्याच छोट्या केजच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, केज म्हणजे त्याची चेन ताणून धरणारी लोंबती पट्टी) आणि जुन्याच चेनवर बसवून दिली. "चालतं मॅडम" म्हणाले. पहिल्याच चढाला मोठ्या दातावर टाकलं आणि सगळं जाम. हँगर (डिरेलर अडकवायचा कान) वाकला, मी जागच्या जागी आडवी. कोपरावरची खूण अजून आहे. मोठी कॅसेट टाकताना डिरेलर किती दात घेतो ते आधी बघा, बहुतेक वेळा मध्यम केजचा लागतो, आणि चेनही लांब घ्यावी लागते. दुकानातून निघण्याआधी मोठ्यावर मोठं, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही मोठ्या चकत्यांवर चेन टाकून समोर फिरवून दाखवा म्हणा.

सातपूरकर

मीटरभाऊ, ठरलं. दोन्ही वेगवेगळं करून बघतो. रानपाखरूताई, सूचना लिहून ठेवली.

सातपूरकर (चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३.४०)

मंडळी, धागा वर काढतोय. सांगितल्याप्रमाणे तोच रस्ता दोनदा करून आलो.

पहिली फेरी, जुनीच ११-२८ कॅसेट. आदल्या रात्री भात-वरण पोटभर, सकाळी साडेतीनला उठून दोन वाट्या पोहे. आईने रात्री बसून बटर पेपरच्या सहा पुड्या बांधल्या, प्रत्येकीत तराजूवर मोजून ३० ग्रॅम बेदाणे. वर पेनने १ ते ६ आकडे लिहिले, "म्हणजे विसरणार नाहीस" म्हणाली. एका बाटलीत सरबत, दुसरीत साधं पाणी. दर अर्ध्या तासाला पुडी आणि मध्ये मध्ये घोट. नांदुरीला २ तास ३ मिनिटं, कारण या वेळी घोळका नव्हता, आम्ही तिघंच आणि आबांच्या नियमाने अर्ध्या अर्ध्या मिनिटाची पाळी. तिथे चौथी पुडी आणि एक केळं.

घाटात उतरलो नाही. एकदाही नाही. जिथे मागच्या वेळी हँडलवर डोकं टेकवलं होतं, तो कठडा ओळखला. त्या दगडावरचा आकडाही वाचला. घाटाची वेळ १ तास ९ मिनिटं. पण एका उभ्या वळणावर पाय मिनिटाला ४८ पर्यंत खाली आले आणि पुढचे दोन दिवस उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होतं.

दुसरी फेरी आज. खाणं तसंच, पुड्या तशाच. कॅसेट ११-३४, मध्यम केजचा डिरेलर, नवी चेन, सगळं पाच हजारांच्या आत. दुकानात मोठ्यावर मोठं टाकून फिरवून घेतलं. घाटाची वेळ १ तास ४ मिनिटं. पाय ६५ च्या खाली गेले नाहीत. संध्याकाळ व्हायची आहे, पण गुडघा अजून तरी गप्प आहे.

मुक्ता_कुलकर्णी

फार फार आनंद झाला. १ तास ३१ वरून १ तास ९ ला खाण्याने आणि पाळीने आणलं, पुढची पाच मिनिटं आणि गुडघा कॅसेटने दिला. आईंना माझा नमस्कार सांगा, आकडे घातलेल्या पुड्यांची युक्ती मी उचलणार आहे.

पळसे_आबा

गुडघा दुखला म्हणता म्हणून कॅसेटबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. चामर लेण्याचा चढ मात्र सोडू नका. मंगळवारी पहाटे साडेपाचला म्हसरूळच्या चौकात या, मी असतो.

वडनेरभैरवकर

सातपूरकर, यंदाचा बेदाणा शेडवर आहे. पुढच्या महिन्यात चांदवडकडे राइड काढा, घरी चहाला या. दोन किलो बांधून ठेवतो, पैशाचं बोलायचं नाही.

हायब्रीडवाली_मनीषा

मी पुढच्या शर्यतीला नाव दिलं. हायब्रीडवरच. पुड्या तयार आहेत.

सातपूरकर

आबा, मंगळवारी नक्की. भाऊ, आम्ही पाच-सहा जण येतो, आधी कळवतो. मनीषाताई, सुरुवातीच्या रेषेवर भेटू.

घाटात पाणी विचारणारा तो मुलगा हा धागा वाचत असेल तर कृपया ओळख द्यावी. पांढरं हेल्मेट, निळी जर्सी, पुढच्या चाकाला लाल पट्टी.

आणि ८ स्पीडची ११-२८ कॅसेट, १४०० किमी चाललेली, दात चांगले आहेत. नवीन शिकणाऱ्या कोणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सातपूरला येऊन घेऊन जा. पैसे नकोत.